उजव्या पायाचा लेफ्ट बॅक : मिल्नरचा २०१६-१७ चा हंगाम आणि कोल्हापूरच्या कट्ट्यावरचा वाद

कोल्हापुरात केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) फुटबॉल हंगाम तोंडावर आला, की तिशी ओलांडलेल्या हाफचं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूचं, करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक तालमीत निघतो. खेळाडू वर्षानुवर्षं मंडळाच्या जर्सीत घाम गाळलेला असतो. बॉल कुठे पडणार हे त्याला अजूनही इतरांच्या आधी कळतं, पण मधल्या फळीत पूर्ण सामना वर-खाली करणं आता पेलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "बॅकला घ्या की त्याला." आणि तिथून चर्चा हटकून २०१६-१७ मध्ये मधल्या फळीतून लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बगलेच्या बचावाला, गेलेल्या लिव्हरपूलच्या जेम्स मिल्नरवर येते, कारण पेठेतल्या पोरांनी तो हंगाम रात्र-रात्र जागून पाहिलेला आहे.

"आरं, डावा पाय न्हाई त्येचा, त्यो लेफ्ट बॅक कसला?"

"मग मोरेनोला घालतोस काय? युरोपाची फायनल इसरलास?"

वाद या दोन वाक्यांत मावतो आणि म्हणूनच मिटत नाही. पहिला खेळाडूचा पाय बघतोय, दुसरा पर्याय बघतोय. मिल्नरच्या आजूबाजूला कोण कुठे उभं होतं, हे दोघंही बघत नाहीत. आमच्या मते या प्रकरणातली खरी गोष्ट तीच आहे. जुन्या खेळाडूची नव्या जागेवरची किंमत त्याच्या शेजारचे दोघे ठरवतात, आणि ती प्रत्येक सामन्यात, समोर कोण आहे त्याप्रमाणे बदलते.

जागा रिकामी कशी झाली

१८ मे २०१६ ला बासेलमध्ये युरोपा लीगची अंतिम लढत झाली. लिव्हरपूल १-० ने पुढे होतं. उत्तरार्ध सुरू होताच सेविलाच्या मारियानोने लिव्हरपूलच्या डाव्या बगलेवर त्यांचा तेव्हाचा लेफ्ट बॅक मोरेनो याला चकवून आत पास दिला आणि गामेरोने बरोबरी केली. सामना ३-१ असा हातचा गेला. ऑगस्टमध्ये आर्सेनलविरुद्धचा पहिला लीग सामना लिव्हरपूलने ४-३ ने जिंकला, पण त्यातही मोरेनोने पेनल्टी दिली. ती गोली मिन्योलेने अडवली म्हणून निभावलं. पुढच्याच सामन्यापासून, २० ऑगस्टला बर्नलीविरुद्ध, लेफ्ट बॅकला मिल्नर उतरला. लिव्हरपूलने ८० टक्के वेळ बॉल आपल्याकडे ठेवला आणि तरी २-० ने हरले.

त्या वेळी मिल्नर तीस वर्षांचा होता. हंगामाच्या मध्यावर, ४ जानेवारीला, एकतिशीचा झाला. लीड्सकडून सोळाव्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये आलेला, न्यूकॅसल आणि ॲस्टन व्हिला करून मँचेस्टर सिटीत पोचलेला, तिथे लीगची दोन विजेतेपदं घेऊन २०१५ मध्ये फुकट बदलीवर लिव्हरपूलला आलेला. आदल्या हंगामात मधल्या फळीतून आणि बगलेवरून त्याने लीगमध्ये ११ गोलांना साहाय्य केलं होतं. म्हणजे पडत्या काळातला खेळाडू कुठेतरी खपवला, असं हे नव्हतं. आपल्या जागेवर चांगला चाललेला माणूस उचलून दुसरीकडे नेला होता. कट्ट्यावर हा मुद्दा जवळजवळ कधीच येत नाही, पण किंमत मांडताना तो घ्यायलाच हवा, कारण मिल्नर मागे गेला म्हणजे मधली फळी एका माणसाने उणी झाली. ती उणीव वाइनाल्डमच्या खरेदीने आणि लल्लाना मधोमध आल्याने भरून निघाली. ज्या तालमीकडे असे दोन हाफ तयार नाहीत, त्यांनी हे उदाहरण देण्यात अर्थ नाही.

आणखी एक बाब. लिव्हरपूल २०१५-१६ मध्ये आठवं आलं होतं आणि युरोपाचा चषकही हुकला होता, त्यामुळे २०१६-१७ मध्ये त्यांना युरोपियन सामनेच नव्हते. मधल्या वारी प्रवास नाही, गुरुवारी खेळून रविवारी पुन्हा उतरणं नाही. शिवाय युरो २०१६ नंतर मिल्नरने इंग्लंडकडून खेळणंही थांबवलं, त्यामुळे आंतरराष्ट्रीय सुट्ट्यांत पाय मोकळे. ३८ पैकी ३६ लीग सामन्यांत तो मैदानात दिसला, त्यामागे त्याची तब्येत आहेच, पण हे मोकळं वेळापत्रकही आहे.

उजवा पाय डाव्या बाजूला काय करतो

डाव्या रेषेजवळ बॉल मिळाला, की उजव्या पायाचा बॅक पहिला टच आत घेतो. छाती मैदानाच्या मध्याकडे वळते. याचे फायदे आणि तोटे एकाच हालचालीतून निघतात, म्हणून ते वेगवेगळे मोजता येत नाहीत.

फायदा असा, की त्याला समोर तिरपा पास दिसतो. स्टॉपरकडून, म्हणजे मधल्या बचावपटूकडून, आलेला बॉल एका टचमध्ये पुढच्या फळीतल्या फिर्मिनोच्या पायात किंवा डावीकडून आत सरकलेल्या कुटिन्योकडे जातो. डाव्या पायाचा बॅक तोच बॉल बहुधा रेषेला धरून पुढे ढकलतो, आणि कुटिन्यो रेषेवर थांबणारा खेळाडू नव्हताच. दुसरा फायदा बचावातला आहे. बॉल हातचा गेला, तर असा बॅक मुळातच दोन-चार पावलं आत असतो. प्रतिहल्ल्याचा सरळ रस्ता मधूनच जातो, आणि तिथे मिल्नर आधीच उभा असायचा. हाफ म्हणून घालवलेली चौदा वर्षं इथे उपयोगी पडली. पासचा रस्ता कुठे बंद करायचा, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

तोटा क्रॉसमध्ये. ओव्हरलॅप करून तो गोलरेषेजवळ पोचला, की क्रॉस डाव्याने मारायचा किंवा बॉल मागे ओढून उजव्यावर घ्यायचा, हे दोनच मार्ग. मिल्नरचा डावा पाय अगदीच लाकडी नव्हता, पण विश्वासाचा पाय उजवा. बॉल मागे ओढण्यात सेकंद-दीड सेकंद जातो. एवढ्यात समोरचे दोन्ही स्टॉपर गोलकडे तोंड करून धावण्याऐवजी बॉलकडे तोंड करून उभे राहतात. मग आत वळणारा क्रॉस कितीही नेमका असला, तरी तो उभ्या माणसांच्या डोक्यावर जातो. गुणतक्त्यात खालचे संघ डी, म्हणजे गोलसमोरची पेनल्टीची चौकट, भरून बसायचे, तेव्हा डाव्या बाजूने लिव्हरपूलचं अडायचं ते इथे. कुटिन्यो आत, मिल्नर बाहेर, आणि बाहेरच्याच्या पायाला बाहेरचा क्रॉस नाही. बर्नलीतल्या ८० टक्क्यांमधून गोल का निघाला नाही, याचं एक कारण यात आहे.

दुसरा तोटा दबावाखाली दिसतो. हुशार विंगर, म्हणजे बगलेवरून चढाई करणारा खेळाडू, अशा बॅकवर आतल्या बाजूने येतो. उजवा पाय झाकला, की बॅकपुढे रेषा आणि डावा पाय एवढंच उरतं. तिथून बॉल एक तर बाहेर जातो किंवा गोलीकडे परत. यावर इलाज शेजाऱ्याकडे असतो. डाव्या बाजूचा हाफ, म्हणजे इथे वाइनाल्डम, आठ-दहा मीटरवर खाली येऊन उभा राहिला, तर मिल्नरला आतला सोपा पास मिळतो. तो वर निघून गेलेला असेल, तर तीच जागा सापळा बनते. सामने पुन्हा पाहताना मिल्नरकडे न बघता वाइनाल्डमकडे बघा. डाव्या बाजूचा बिघाड बहुतेक वेळा तिथून सुरू होतो.

पेनल्टीचा हिशेब

मिल्नरचे त्या हंगामातले लीगमधले सातही गोल पेनल्टीवर आले: टॉटनहॅमविरुद्ध एक, हलविरुद्ध दोन, स्वान्सी, संडरलँड, मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी यांच्याविरुद्ध प्रत्येकी एक. त्याच्या बाजूचे लोक हे सात गोल लेफ्ट बॅकच्या खात्यात टाकतात, विरोधक सरळ वजा करतात. दोन्ही हिशेब चुकतात.

नीट मांडू. हल (५-१) आणि संडरलँड (२-०) इथल्या पेनल्टींनी निकाल बदलला नाही. टॉटनहॅम, युनायटेड आणि सिटीविरुद्धचे तिन्ही सामने १-१ सुटले आणि तिन्हींत लिव्हरपूलचा गोल मिल्नरचा होता. म्हणजे तीन गुण. स्वान्सीत ८४ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर २-१ झालं. बरोबरीच्या ऐवजी विजय, म्हणजे आणखी दोन. एकूण पाच. हंगामाअखेर लिव्हरपूल ७६ गुणांवर चौथं आणि आर्सेनल ७५ गुणांवर पाचवं होतं. पाच गुण काढले, की पहिल्या चार संघांना मिळणारी चॅम्पियन्स लीगची जागा गेली.

पण मिल्नर नसता तर त्या पेनल्टी कुणी मारल्याच नसत्या, असं नाही. साधारण चांगला खेळाडू चारपैकी तीन पेनल्टी घालतो. निकाल ठरवणाऱ्या या चारपैकी एक हुकली असती, असं धरू. ती बरोबरीच्या सामन्यातली असती, तर एक गुण गेला असता, दोन्ही संघ ७५ वर आले असते, आणि गोलफरकावर लिव्हरपूल तरीही चौथं राहिलं असतं. स्वान्सीतली हुकली असती, तर दोन गुण जाऊन संघ पाचवा आला असता. उलट बाजूही आहे. ७ मे २०१७ ला साउथॅम्प्टनविरुद्ध मिल्नरची पेनल्टी फॉर्स्टरने अडवली आणि सामना ०-० राहिला. तिथे दोन गुण गेले. तेव्हा पेनल्टीमुळे मिळालेली त्याची जादा किंमत एखाद-दोन गुणांची. ती खरी आहे, त्या वर्षी तेवढीच निर्णायक ठरू शकत होती, पण तिचा लेफ्ट बॅकच्या जागेशी संबंध इतकाच, की त्या जागेमुळे तो मैदानात राहिला. संघात घेताना हा विचार व्हायला हवा: फ्री किक, कॉर्नर, पेनल्टी, कर्णधाराचा आवाज यांतलं काय काय त्याच्याबरोबर मैदानात येतं? आणि ते दुसऱ्या कुणाकडे आधीच आहे का?

बचावाचे आकडे पाहायचे, तर लिव्हरपूलवर २०१५-१६ मध्ये ५० गोल झाले होते, २०१६-१७ मध्ये ४२. या आठ गोलांचं श्रेय एकट्या मिल्नरला देणारे कट्ट्यावर सापडतात. त्याच हंगामात स्टॉपर मातिप आला होता आणि प्रशिक्षक क्लॉपला संघाबरोबर पूर्ण उन्हाळी तयारी पहिल्यांदाच मिळाली होती. श्रेय वाटूनच द्यावं लागेल.

बोर्नमथ, ४ डिसेंबर २०१६

विरोधकांचा सगळ्यांत भक्कम पुरावा हा सामना, आणि तो नाकारता येत नाही. लिव्हरपूल बावीस मिनिटांत २-० ने पुढे गेलं होतं. ५५ व्या मिनिटाला बोर्नमथचा रायन फ्रेझर बदली म्हणून उतरला. बुटका, हलका, ताज्या पायाचा विंगर. लगेचच डीमध्ये मिल्नरने त्याला पाडलं आणि विल्सनने पेनल्टीवर गोल केला. लिव्हरपूलच्या जानने ३-१ केलं, पण ७६ व्या मिनिटाला खुद्द फ्रेझरने, ७८ व्याला कुकने आणि जादा वेळेत आकेने गोल करून सामना ४-३ असा फिरवला. बर्नलीनंतर लीगमधला हा लिव्हरपूलचा पहिलाच पराभव.

चारपैकी पहिल्या गोलाचा दोष मिल्नरकडे जातो. पण तो फाऊल बघताना एक गोष्ट टिपून ठेवावी. तासभर खेळलेल्या जुन्या बॅकसमोर ताजा, वेगवान विंगर आला, की पहिली पाच मिनिटं धोक्याची. बॅकने त्याचा वेग अजून पायांनी मोजलेला नसतो. तो आधीच्या विंगरच्या अंतरानेच उभा राहतो. दीड मीटर अंतर पहिल्याला पुरत असेल, तर नव्याला अडीच-तीन लागतं. हे बेंचवरून ओरडून सांगायचं काम आहे, आणि ते बदली खेळाडू रेषेवर उभा असतानाच सांगायला हवं. नंतर सांगून उपयोग नाही.

१९ जानेवारी २०१९ ला हेच पुन्हा दिसलं. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मिल्नर राइट बॅकला होता, समोर वेगवान विंगर झाहा. पाय नैसर्गिक बाजूचा, तरी दुसरं पिवळं कार्ड मिळून ८९ व्या मिनिटाला तो बाहेर गेला. लिव्हरपूलने सामना कसाबसा ४-३ ने राखला. म्हणजे अडचण उजव्या-डाव्या पायाची कमी आणि रेषेवर एकट्याने एकट्याशी भिडण्याची जास्त होती. आणि त्याच वर्षी ७ मे ला, बार्सिलोनाविरुद्ध पहिल्या सामन्यातली ३-० ची पिछाडी भरून काढताना, मध्यंतराला लेफ्ट बॅक रॉबर्टसन जखमी होऊन बाहेर गेला, वाइनाल्डम आत आला आणि तेहतीस वर्षांचा मिल्नर मधल्या फळीतून लेफ्ट बॅकला सरकला. वाइनाल्डमने दोन गोल केले, ओरिगीने चौथा, आणि बार्सिलोनाला उत्तरार्धातही एक गोल करता आला नाही. बार्सिलोनाच्या उजव्या बाजूने मेस्सी सतत आत यायचा, रेषेला चिकटून पळणारा विंगर मिल्नरसमोर नव्हता. मेस्सीला आत सामोरं जाणं सोपं नसतं, पण तिथे हाफ फाबिन्यो आणि स्टॉपर व्हॅन डाइक मदतीला असतात. झाहासमोर रेषेवर तशी मदत नसते.

म्हणून "मिल्नर लेफ्ट बॅक म्हणून चांगला की वाईट" याचं आमचं उत्तर असं आहे: २०१६-१७ साठी योग्य, आणि दुसऱ्या पूर्ण हंगामासाठी अयोग्य ठरला असता. क्लबनेही तेच केलं. जुलै २०१७ मध्ये हलकडून ८० लाख पौंडांना रॉबर्टसन आणला. सुरुवातीला मोरेनो परत खेळला, डिसेंबरमध्ये तो जखमी झाल्यावर रॉबर्टसनने जागा पक्की केली. मिल्नर मधल्या फळीत परतला आणि त्या हंगामात चॅम्पियन्स लीगमध्ये ९ गोलांना साहाय्य करून त्याने स्पर्धेचा विक्रम केला. एक वर्ष बॅकला काढलेला माणूस संपला, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हे उतरवायचं तर

इथला खेळ वेगळा आहे. एप्रिल-मेच्या उन्हात मैदान कडक होतं, बॉल टप्प्यावर उंच उसळतो, आणि पेठेचे संघ मधून बांधत येण्यापेक्षा बॅकच्या मागे लांब तिरपा बॉल टाकून वेगवान फॉरवर्डला पळवतात. अशा खेळात बगलेचा बॅक वारंवार पाठ फिरवून पळतो, आणि तिशीनंतर नेमकी तीच हालचाल आधी जाते. त्यामुळे बरेच जण सुचवतात त्याप्रमाणे जुन्या हाफला थेट लेफ्ट बॅकला नेण्याआधी स्टॉपरचा विचार करावा, शेजारचा स्टॉपर पळणारा असेल तर. मँचेस्टर सिटीने २०१९-२० मध्ये चौतिशीतल्या फर्नांडिन्योला मधल्या फळीतून स्टॉपरलाच नेलं होतं. उंची कमी पडत असेल किंवा शेजारीही संथ असेल, तर मात्र बगल बरी.

बगलेलाच न्यायचं ठरलं, तर आधी सरावात वीस मीटरची वळून धाव घ्यायला लावा: पाठ गोलकडे, शिट्टी, वळणं, धावणं. अशा सहा धावा, मध्ये चाळीस सेकंद विश्रांती. पहिल्या आणि सहाव्या धावेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक पडला, तर तो पूर्ण सामना बगलेला टिकणार नाही. तासाभराचा खेळाडू म्हणूनच योजना करा. मग डाव्या पायाने दबावाखाली बॉल बाहेर काढण्याचा सराव, रोज चाळीस वेळा. इथे सुंदर क्रॉसची अपेक्षा नाही, बॉल हाफवेच्या पुढे रेषेजवळ पडला की पुरे.

त्याच्या बाजूच्या हाफला लेखी सांगितल्यासारखं स्पष्ट सांगा, की बॅक वर गेला तर तू थांबायचं आणि बॅककडे बॉल असताना दहा मीटरच्या आत दिसायचं. तालमीत हे काम नेहमी नव्या पोराच्या गळ्यात पडतं, आणि त्याला वाटतं आपल्याला गोल करू देत नाहीत. त्याला कारण समजावून सांगण्यात अर्धा तास गेला तरी चालेल. ही जोडी जमली नाही, तर बाकी सगळं फुकट आहे. बॅकला स्वतःला एकच सूचना द्या: शर्यत लावायची नाही. अडीच मीटर सोडून उभा राहा, विंगरला आत, हाफच्या दिशेने यायला भाग पाड, आडवं पडून टॅकल डीच्या आत कधीच नको.

तीन सराव सामने द्या. पहिला संथ विंगरसमोर, दुसरा वेगवान विंगरसमोर, आणि तिसऱ्यात शेवटची वीस मिनिटं मुद्दाम ताजा विंगर उतरवा. निर्णय तिसऱ्या सामन्यावर घ्या. पहिल्या दोन सामन्यांनंतर पेठेत जे मत बनतं, ते बहुतेक वेळा त्या खेळाडूवरच्या प्रेमातून किंवा जुन्या रागातून आलेलं असतं. आणि लीगच्या सामन्यात समोरच्या बेंचवर वेगवान पोरगं वॉर्मअपला उठलेलं दिसलं, की आपला बदली बॅकही त्याच क्षणी ट्रॅकसूट काढून तयार पाहिजे.